पट्टी बांधणारे हात

लढाईत जखमी जवानाजवळ धावतो तो सैन्यातला नर्सिंग असिस्टंट. रक्त थांबवायचं, मोडलेल्या हाडाला आधार द्यायचा, जखमीला मागच्या मदतकेंद्रापर्यंत जिवंत न्यायचं. गोळीबार मात्र चालूच. 1950 मध्ये कोरियातल्या युद्धात गेलेल्या भारताच्या 60 पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्सनं हेच केलं.

लढाई संपली तरी सैनिकाला उपचार लागतच राहतात. मज्जारज्जूला इजा झालेल्या सैनिकांसाठी पुण्याजवळ खडकीत 1974 पासून पुनर्वसन केंद्र आहे. पण वाशिम जिल्ह्यात रिसोड, मानोरा तालुक्यांतल्या खेड्यात राहणाऱ्या माजी सैनिकाचं काय? 2003 पासून माजी सैनिकांच्या उपचारांसाठी ईसीएचएस योजना आहे, तरी कार्ड, रेफरल, कागदपत्रं यांतच म्हातारं माणूस थकून जातं. शेजारी निवृत्त नर्सिंग असिस्टंट असला, तर त्याला दुखणंही कळतं आणि अर्जही. वाशिम जिल्ह्यातल्या आरोग्य उपकेंद्रांनी अशा माणसांना मानधन देऊन सोबत घ्यावं, ही आमची मागणी आहे.