आधी माप, मग कार्बन

कार्बनची रेसिंग सायकल घेताना पहिला प्रश्न वजनाचा निघतो. पण सपाट रस्त्यावर वेगात खरा अडसर वाऱ्याचा, आणि वाऱ्याला आडवं येतं ते मुख्यतः स्वाराचं शरीर. म्हणून हँडल किती उंच, सीटपासून किती लांब, हे फ्रेमच्या ग्रॅमांपेक्षा महत्त्वाचं. फ्रेम लांब पडली की कोपरं ताठ होतात, मान आखडते आणि वाकून बसणं तासाभरात सुटतं. घाटात वजन जाणवतंच, असं कुणी म्हणेल. खरं आहे; पण ७० किलोचा स्वार आणि ८ किलोची सायकल मिळून ७८, त्यातला अर्धा किलो म्हणजे एक टक्काही नाही. शर्यतीत तर यूसीआय या जागतिक सायकलिंग संघटनेच्या नियमाने सायकल ६.८ किलोहून हलकी चालतच नाही. स्टेम, म्हणजे हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा, बदलून माप जुळवता येतं, पण थोड्याच सेंटिमीटरपुरतं. तेव्हा आधी माप द्या, मग किंमत विचारा.