एक मुक्काम आपल्या आवडीचा

मैत्रिणींनो, सुट्टी जवळ आली की घरोघरी प्रवासाचे बेत सुरू होतात. पण बेत ठरतो तो शेवटच्या मुक्कामाचा. मधली गावं म्हणजे चहा आणि पेट्रोल यांच्यापुरतीच! त्यातून गाडी घरची असली की पुरुषमंडळींना 'किती तासांत पोचलो' याचंच कौतुक. मागच्या सीटवर डबे उघडणाऱ्या, मुलांच्या उलट्या सांभाळणाऱ्या आपल्याला 'तुला कुठं थांबायचंय का?' असं सहसा कुणी विचारत नाही.

म्हणून यंदा ओंकारेश्वराला निघताना मी आधीच सांगून टाकलं, एक दिवस माझा! आणि बुऱ्हाणपूर निवडलं. "अगं, तिथं आहे तरी काय?" सासूबाईंनी विचारलं. ह्यांचं म्हणणं, गावात शिरलं की अंधार पडणार. मी मात्र हटले नाही.

भुसावळ, मुक्ताईनगर मागे टाकलं, केळीच्या बागा पाहत मध्य प्रदेशची हद्द ओलांडली, की तापीकाठी हे गाव लागतं. परप्रांतात आल्यासारखं वाटतच नाही. बाजारात भाजीवाली माझ्याशी सरळ मराठीत बोलली. फारुकी सुलतानांनी वसवलेलं हे शहर पुढे मोगलांचं दक्षिणेतलं मोठं ठाणं झालं. हंबीरराव मोहित्यांनी १६८१ मध्ये छापा घातला तो इथल्याच श्रीमंत पेठांवर. इथल्या जामा मशिदीत अरबीबरोबर चक्क संस्कृत शिलालेख कोरलेला आहे. मुलांना तो जरूर दाखवा.

पाण्याची ओढाताण आपल्याला नवी नाही, म्हणून कुंडी भंडारा पाहाच. सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीत झिरपणारं पाणी भुयारात गोळा करायचं, आणि नुसत्या उतारानं गावात आणायचं, अशी ही योजना. मोगलांचे सुभेदार अब्दुल रहीम खानखाना (तेच, दोहे लिहिणारे रहीम) यांच्या काळात, १६१५ च्या सुमारास ती झाली. भुयारावर ओळीनं विहिरीसारखी कुंडं आहेत. ना पंप, ना वीज, तरी पाणी अजून वाहतं आहे!

पण मन गुंतलं ते नदीपलीकडे, जैनाबादच्या आहूखान्यात. ताजमहाल मी शाळेत दरवर्षी शिकवते. मुमताज कुठं गेली, हे एकही मूल विचारत नाही. ती गेली बुऱ्हाणपुरात, १७ जून १६३१ रोजी. शहाजहान दख्खनच्या मोहिमेवर होता आणि ती भरल्या दिवसांची त्याच्याबरोबर आली होती. लग्नाला १९ वर्षं, वय ३८ आणि बाळंतपण चौदावं! चौदांतली निम्मी मुलं जगली. तिचा देह काही महिने याच बागेत होता, मग आग्र्याला नेला. ताजला गर्दी लोटते. इथं पडक्या भिंती आणि गवत.

मी हे सांगत होते, तशा सासूबाई तिथंच दगडावर बसल्या. म्हणाल्या, "माझी आईसुद्धा अशीच गेली. सातव्या खेपेला. मी नऊ वर्षांची होते." लग्नाला चौदा वर्षं झाली माझ्या, पण हे मी प्रथमच ऐकत होते. ह्यांनाही ठाऊक नव्हतं. धाकटीनं विचारलं, "आजी, तुझ्या आईचं नाव काय गं?" त्यांनी सांगितलं, 'गोदावरी'. आमच्या घरात ते नाव त्या दिवशी पहिल्यांदा उच्चारलं गेलं. मैत्रिणींनो, घाईनं पुढं गेलो असतो तर?

आता थोडं कामाचं. बुऱ्हाणपूरला अर्धा दिवस पुरत नाही, एक रात्र राहा. कुंडी भंडारा आणि आहूखाना सकाळी उरका, उन्हं चढली की फिरवत नाही. कुंडात खाली जायला लिफ्ट आहे. ती सुरू आहे का, हे आधी विचारून घ्या. घसरणार नाहीत अशा चपला घाला. गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांसाठी घडीची खुर्ची गाडीत टाका. शाही किल्ल्यातला हमामखाना संध्याकाळी पाहा, छतावरची रंगीत नक्षी चुकवू नका. इथली खव्याची जिलबी गरमच खा, पण एकीत दोघींनी वाटून घ्या, फार जड असते! दुसऱ्या दिवशी ओंकारेश्वराच्या वाटेवर असीरगडही लागतो.

तुमच्या वाटेवरही असं एखादं गाव असेलच. बेत ठरताना चहाचा कप पुढे करून नुसतं ऐकत बसू नका. नकाशा आपल्याकडे ओढा, आणि त्या गावावर बोट ठेवा.