उशीवरचे केस

सकाळी अंथरुणे काढताना उशीवर चारपाच लांब केस दिसले की घरातली बाई क्षणभर थबकते. ते केस बोटाला गुंडाळून ती टाकून देते खरी, पण मग दिवसभर आरसा समोर आला की नजर भांगाकडेच जाते. दुसऱ्या दिवशी तेल बदलते, आठवड्याने शाम्पू बदलतो, शेजारणीने सांगितलेला जास्वंदीचा लेपही लावून होतो. रात्री केस कसे बांधले होते, ओले होते की कोरडे, उशीचा अभ्रा कसला होता, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. सहासात तास केस डोक्याच्या भाराखाली दबतात, कूस बदलेल तसे घासले जातात, ओढले जातात. त्या वेळी त्यांची मालकीण गाढ झोपेत असते, त्यामुळे या नुकसानीचा आळ कधी झोपेवर येत नाही.

आधी थोडी भीती कमी करायला हवी. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि त्यांतले रोज ५० ते १०० गळणे हा निसर्गक्रमच आहे. ते कंगव्यात येतात, न्हाणीघरात येतात, तसे उशीवरही येतात. पाहायचे ते एवढेच की उशीवरचा केस गळलेला आहे की तुटलेला. गळलेल्या केसाच्या एका टोकाला बारीक पांढरट गाठ दिसते आणि तो पूर्ण लांबीचा असतो. तुटलेला केस आखूड असतो, त्याला गाठ नसते. बाळंतपणानंतर किंवा टायफॉइड, डेंग्यूसारख्या मोठ्या तापानंतर दोनतीन महिन्यांनी पुंजकेच्या पुंजके हाती येतात, ते पहिल्या प्रकारचे. त्याला उशी काय करणार? तिथे डॉक्टरांना दाखवून रक्तातले लोह आणि थायरॉइड तपासून घेणे हाच मार्ग. पण आखूड, तुटके केस रोज सापडत असतील तर रात्रीच्या सवयींकडे वळून पाहायलाच हवे.

याचे कारण केसाच्या घडणीत आहे. टाळूच्या आत केसाचे मूळ जिवंत असते. बाहेर आलेला केस मात्र निर्जीव धागा असतो. त्वचेवरची जखम भरून येते, केसाची येत नाही. केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे कमरेपर्यंत पोचलेल्या वेणीचे शेवटचे टोक सहा वर्षांपूर्वी टाळूतून बाहेर आलेले असते. मुलगी पहिलीत गेली तेव्हाचा केस ती सातवीत गेली तरी वेणीत असतो आणि मधल्या दोन हजारांवर रात्री त्याने उशीवर काढलेल्या असतात. या धाग्याभोवती सूक्ष्म खवल्यांचे आवरण असते. कोकणातल्या घरावरची कौले जशी एकावर एक, उताराकडे तोंड करून बसवलेली असतात, तसे हे खवले मुळाकडून टोकाकडे बसवलेले असतात. कौले जागच्या जागी आहेत तोवर आत पाणी शिरत नाही. घासून, ओढून ती उचकटली की केस खरखरीत होतो, एकात एक अडकतो, टोके दुतोंडी होतात. मग कितीही भारी तेल चोपडले तरी निघालेले कौल परत बसत नाही. म्हणून रात्रीची खरी निगा केसांना काही ‘देण्यात’ कमी आणि त्यांचे नुकसान टाळण्यात जास्त आहे. जाहिराती नेमके याच्या उलट सांगतात, कारण न ओढलेल्या वेणीची बाटली भरून विकता येत नाही.

सर्वांत मोठी चूक घडते ती ओल्या केसांची. नोकरी करणाऱ्या स्त्रीला सकाळी डोके धुवायला वेळ कुठला! सहाला उठून डबे, मुलांची शाळा आणि मग गाडीची वेळ. काही ठिकाणी तर नळाला पाणीच रात्री येते. मग साडेनवाला डोके धुवायचे, पंच्याने खसाखसा पुसायचे, घट्ट वेणी घालायची आणि आडवे व्हायचे. ओला केस मऊ लागतो म्हणून तो सुरक्षित आहे असे वाटते, पण तो सगळ्यांत दुबळा त्याच वेळी असतो. पाण्यामुळे केसाच्या आतले काही बंध सैल होतात, केस फुगतो, ओढला की जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो. वर घट्ट वेणीत पाणी अडकून राहते. आतला पेड सकाळपर्यंत ओलसरच असतो. टाळूला कुबट वास येतो आणि कोंड्याची प्रवृत्ती असेल तर खाजही वाढते.

ओल्या केसांनी झोपू नये, सर्दी होते, असे आज्या सांगत आल्या. सर्दी विषाणूंमुळे होते, ओल्या केसांमुळे नव्हे. कारण चुकले, पण नियम बरोबर निघाला.

मग रात्रीच डोके धुवावे लागले तर? झोपण्याच्या निदान दोन तास आधी धुवावे. केस पंच्याने झटकू किंवा बडवू नयेत. पंच्याने केसांवर फटके मारून पाणी उडवण्याची आपल्याकडची पद्धत पाहायला झकास वाटते, पण खवल्यांना ती महाग पडते. जुन्या सुती साडीचा मऊ तुकडा घेऊन केस त्यात दाबावेत, पिळू नयेत. गुंता बोटांनी किंवा जाड दातांच्या कंगव्याने टोकांकडून सोडवत वर यावे. केस वाळवायच्या यंत्राला, म्हणजे ड्रायरला, घरातली मोठी माणसे नाक मुरडतात, त्याबाबत मात्र थोडे वेगळे बोलावे लागेल. दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ड्रायर पाच सेंटिमीटरवर धरला तेव्हा हवा ९५ अंशांपर्यंत तापली आणि केसाच्या पृष्ठभागाची हानी झाली. पण तोच पंधरा सेंटिमीटरवर धरून सतत हलवत ठेवला, तर एकंदर नुकसान केस नुसते वाऱ्यावर वाळवण्यापेक्षाही कमी झाले. फार वेळ ओले राहणे हेही केसाच्या आतल्या भागाला बाधते, असा त्याचा अर्थ. तेव्हा घरात ड्रायर असेल तर वीतभर दूर धरून तो वापरायला हरकत नाही. नसेल तर पंख्याखाली केस मोकळे सोडून बसावे आणि तेवढ्यात उद्याची भाजी निवडून घ्यावी.

आता वेणीविषयी. लांब केस मोकळे सोडून झोपले तर गुंता होतो, तेव्हा ते बांधायला हवेत हे खरे. प्रश्न आहे तो किती घट्ट, याचा. आणि इथे केवळ दिसण्याचा नाही, कायमच्या नुकसानीचा मामला आहे. केस मुळापाशी सतत ओढले गेले तर कपाळावरची आणि कानांजवळची केसांची रेघ मागे सरकू लागते. १९०७ साली ग्रीनलंडमधल्या स्त्रियांमध्ये याची नोंद झाली. तिथे केस ताणून उंच शेपटीसारखे बांधण्याची रीत होती. आपल्या देशात पगडीखाली केसांची घट्ट गाठ मारणाऱ्या शीख मुलांमध्येही त्वचारोगतज्ज्ञांनी हेच पाहिले आहे. म्हणजे हा रोग ना बाईचा ना पुरुषाचा, तो ताणाचा आहे.

महाराष्ट्रातल्या घरांत त्याला बळी पडतात त्या बहुधा शाळकरी मुली. सकाळी सातची शाळा, दोन वेण्या आणि रिबिनी घालायच्या, त्यात मुलगी झोपेने पेंगत असते. म्हणून आई रात्रीच दोन वेण्या चापूनचोपून घालून देते आणि सकाळी फक्त वरून पाण्याचा हात फिरवून रिबीन बांधते. आईची अडचण खोटी नाही, पण त्या मुलीचे केस चोवीस तास ताणलेले राहतात. दिवसा आणि रात्री, वर्षानुवर्षे. ‘आई, दुखतंय’ असे ती म्हणते तेव्हा बहुतेक वेळा ‘गप बस, हलू नकोस’ असे उत्तर मिळते. खरे तर तिची तक्रार हीच पहिली खूण असते. त्यानंतर केसांच्या रेघेवर बारीक पुरळ उठते, खाज येते, मग कपाळाच्या कडेला आखूड, तुटके केस दिसू लागतात. या टप्प्यावर ताण थांबवला तर केस परत येतात, पण त्याला काही महिने लागतात. वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाले तर मात्र मुळेच नष्ट होतात आणि तिथे पुन्हा केस उगवत नाहीत. मग तेलाचा उपयोग नाही, लेपाचाही नाही. पुरळ किंवा विरळ जागा दिसली तर घरगुती उपायांत महिने न घालवता त्वचारोगतज्ज्ञ गाठावा.

रात्रीची वेणी एकच, सैल आणि मानेच्या खालून सुरू होणारी असावी. वेणी घातल्यावर मुळाशी बोट सहज शिरले पाहिजे. शेवटी साधे रबर लावू नये. ते काढताना केसांसकट येते. जुन्या साडीच्या काठाची पट्टी किंवा कापडात गुंडाळलेले इलॅस्टिक उत्तम. वेणी रोज त्याच बाजूला घेऊ नये. क्लचर, आकडे, चाप झोपण्यापूर्वी काढून ठेवावेत. सकाळी दोन वेण्या घालायला पाच मिनिटे जास्त लागतील. ती कुठून काढायची हा प्रश्न एकट्या आईने का सोडवावा? मुलीच्या वडिलांनी डबा भरला तर तेवढी पाच मिनिटे निघतातच. आणि मुलगी आठदहा वर्षांची झाली की तिला स्वतःची एक वेणी घालायला शिकवणेही काही अवघड नाही.

तेलाचा विषय काढला की घराघरांत दोन पक्ष पडतात. २००३ साली मुंबईतल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली. धुण्यापूर्वी लावलेल्या खोबरेलाने केसातले प्रथिन वाहून जाण्याचे प्रमाण कमी झाले. बाकी दोन तेलांना ते जमले नाही. हे काम खोबरेल विकणाऱ्या कंपनीच्याच प्रयोगशाळेत झाले होते, हेही लक्षात ठेवलेले बरे. पण खोबरेल केसाच्या आत शिरते आणि त्यामुळे धुताना केस कमी फुगतो, हे कारण पटण्यासारखे आहे. तेव्हा दुसऱ्या दिवशी डोके धुवायचे असेल तर रात्री केसांच्या लांबीला, विशेषतः टोकांना, चमचाभर खोबरेल लावणे चांगले. टाळूवर थापण्याची गरज नाही. तेलाने मुळांना ‘खाद्य’ मिळते ही समजूत आहे. मुळांना खाद्य मिळते ते रक्तातून. ज्यांना कोंडा आहे त्यांनी तर टाळूला रात्रभर तेल लावून ठेवूच नये. कोंड्यामागची बुरशी तेलातल्या स्निग्धांशावरच वाढते. तेलाखाली खपल्या चिकटून बसतात म्हणून कोंडा गेल्यासारखा वाटतो, इतकेच. वयात आलेल्या मुलामुलींच्या कपाळावर सतत मुरुमे येत असतील तर रात्रीचे तेल आणि तेलकट अभ्रा, दोन्हीकडे पाहावे. अभ्रा आठवड्याला तरी बदलावा.

अभ्रा कशाचा असावा? सुती कापडापेक्षा रेशीम किंवा सॅटिन गुळगुळीत, म्हणून घर्षण कमी. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रिया आपले दाट कुरळे केस जपण्यासाठी पिढ्यान् पिढ्या रात्री डोक्याला सॅटिनचा रुमाल किंवा टोपी बांधत आल्या आहेत, ती याच अनुभवातून. आता दुकानांत हजारो रुपयांचे रेशमी अभ्रे मिळतात आणि त्यांनी केस वाढतात असेही ऐकवले जाते. अभ्र्याने केस वाढत नाहीत, फार तर कमी तुटतात. त्यासाठी फाटलेल्या रेशमी साडीचा धड राहिलेला भाग पुरतो; जरीचा काठ मात्र काढून टाकावा, तो केस ओढतो. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात सॅटिनवर डोके ठेवणे म्हणजे शिक्षाच, कारण ते बहुधा कृत्रिम धाग्याचे असते आणि घाम शोषत नाही. तिथे मऊ, धुऊन झिजलेला सुती अभ्राच बरा.

घरात लग्नकार्य असले की वेगळीच अडचण. हळदीच्या दिवशी पार्लरमध्ये केस सरळ करून घेतलेले असतात आणि ते लग्नापर्यंत टिकवायचे असतात. अशा वेळी केस पूर्ण कोरडे असल्याची खात्री करून दोन सैल भागांत पुढे घ्यावेत आणि डोक्याला रेशमी रुमाल सैलसर गुंडाळावा. घाम किंवा ओल लागली की बांधाल तसा बाक केसांना पडतो. कुरळे केस असतील तर ते थेट माथ्यावर गोळा करून कापडी पट्टीने एकच वेढा द्यावा, म्हणजे वळणे उशीखाली दबत नाहीत. रात्री गजरा काढून ठेवावा; ओलसर फुले केसांतच कोमेजली की बटा चिकटतात.

नवरीचे मात्र वेगळे असते. स्वागतसमारंभ आटोपून ती खोलीत येते तेव्हा डोक्यात गंगावन, पन्नासेक आकडे आणि फवारा मारून पुठ्ठ्यासारखे कडक झालेले केस असतात. दमलेली मुलगी तशीच झोपते आणि सकाळी मूठभर तुटलेले केस हातात येतात. घरातल्या एखाद्या करवलीला आधीच सांगून ठेवावे. दोघीतिघींनी गप्पा मारत, एकेक आकडा हलक्या हाताने काढला तर अर्ध्या तासाचे काम. कडक झालेल्या केसांत कंगवा घालू नये. थोडे खोबरेल हाताला चोळून ते टोकांकडून वर फिरवावे, बटा बोटांनी सुट्या कराव्यात आणि सैल वेणी घालून द्यावी. डोके दुसऱ्या दिवशी सावकाश धुता येते.