वंशावळीतून गळालेले वारस

भूसंपादनाच्या मोबदल्याची वेळ आली, की वर्षानुवर्षे न बोललेली भावंडे एकमेकांची चौकशी करू लागतात. माझे एक स्नेही निवृत्त शिक्षक आहेत. मोडी लिपी त्यांना उत्तम अवगत असून जुनी दप्तरे चाळून घराण्यांच्या वंशावळी तयार करण्याचा त्यांना नाद आहे. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून अशा जाणकारांना मागणीही पुष्कळ आली. काही महिन्यांपूर्वी एक कुटुंब त्यांच्याकडे आले. त्यांची जमीन रस्त्यात गेली होती. एका आतेभावाने हरकत घेतल्यामुळे मोबदल्याचे वाटप थांबले होते आणि आता एका ‘हरवलेल्या’ वारसाचा शोध घेणे भाग होते.

जमीन आजोबांनी स्वतः खरेदी केलेली. ते १९५८ साली मृत्युपत्र न करता वारले. फेरफारात वारस म्हणून फक्त दोन मुलगे लागले. वास्तविक दोन मुलीही हयात होत्या. थोरलीचा मुलगा म्हणजेच हरकत घेणारा आतेभाऊ. धाकटीविषयी मात्र घरात कोणी बोलत नसे. ‘ती लहानपणीच गेली’ एवढेच नव्या पिढीला सांगण्यात आले होते.

माझ्या स्नेह्यांनी कोतवाल बुक पाहिले. मृत्यूची नोंद नव्हती. शाळेच्या जुन्या रजिस्टरात मुलीचे नाव व जन्मतारीख सापडली. पुढे मात्र वाट बिकट होती, कारण आपल्याकडे लग्नात मुलीचे आडनावच नव्हे, तर पुष्कळदा नावही बदलते. पुरुषाचा माग एका नावाने काढता येतो. स्त्रीचा काढावयाचा तर तिचा नवरा कोण हे आधी ठाऊक असावे लागते. अखेर नोंदणी विवाहाच्या एका जुन्या नोंदीत ती भेटली. बालवयात विधवा झालेल्या त्या मुलीने अन्य जातीतील एका शिक्षकाशी पुनर्विवाह केला होता आणि घराने तिच्या नावाने आंघोळ केली होती. ती मेली नव्हती. तालुक्याच्या गावी संसार करून वृद्धापकाळी वारली होती.

तिच्या कन्येला निरोप गेला, तेव्हा कुटुंबीयांना वाटले की आता ही बाई मोठ्या मनाने हक्कसोडपत्रावर सही करील. तिने सांगितले, ‘‘वंशावळीत आईचे नाव हवे आणि मोबदल्यात तिचा चौथा हिस्साही हवा.’’ घरात तिला लोभी म्हणतात. चौथा हिस्सा मागणाऱ्या भावाला मात्र कोणी लोभी म्हणत नाही. त्यागाची अपेक्षा एकाच बाजूकडून होत असेल, तर त्यास त्याग न म्हणता वसुली म्हणावे हे उचित.

कायद्याने त्या मुलीचा हक्क कधीच गेला नव्हता. जातिबहिष्कृत झाल्यामुळे वारसाहक्क बुडू नये, हे १८५० च्या कायद्यानेच ठरविले होते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा दिला. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हक्क मिळण्यास महाराष्ट्रात १९९४ आणि देशात २००५ साल उजाडावे लागले. वडील २००५ पूर्वी वारले असले तरी तो हक्क अबाधित राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. म्हणजे उणीव केवळ कायद्यात नाही. वारसनोंदीच्या अर्जासोबत प्रतिज्ञापत्र आणि वंशावळ द्यावी लागते. ती लिहितो बहुधा घरातील कर्ता पुरुष, आणि ज्याला वगळावयाचे त्याला तो लेखणीनेच मारतो.

अर्थात कायदाही निर्दोष नाही. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढलेले एक प्रकरण पाहावे. लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झालेल्या एका स्त्रीला सासरहून घालवून देण्यात आले. माहेरच्या आधाराने ती शिकली, नोकरीस लागली आणि मृत्युपत्र न करता वारली. तिच्या स्वकष्टार्जित मिळकतीचे वारस ठरले पतीच्या बहिणीचे मुलगे. निपुत्रिक विधवेची अशी मिळकत आधी पतीच्या वारसांकडे जाते, असे कलम १५ सांगते. ज्या घराने तिला बाहेर काढले, त्याच घराला कायद्याने तिचे वारस केले.

महात्मा फुल्यांनी या प्रश्नाला आपल्या घरातच उत्तर दिले होते. बालहत्या प्रतिबंधक गृहात एका विधवेच्या पोटी जन्मलेला यशवंत त्यांनी दत्तक घेतला आणि १८८७ मध्ये मृत्युपत्र करून त्याला वारस नेमले. १८९० मध्ये जोतीरावांच्या अंत्ययात्रेत भाऊबंदांनी यशवंताच्या हक्कास हरकत घेतली, तेव्हा सावित्रीबाई स्वतः टिटवे धरून पुढे झाल्या. घराण्यांनी जे गुपित म्हणून पुरले असते, ते या दांपत्याने उजळ माथ्याने आपले म्हटले.

येथे एखादा सहकारी विचारील, की वारसाहक्क हेच विषमतेचे मूळ असताना समाजवाद्यांनी मुलींच्या हिश्श्यासाठी का झगडावे? ज्यांच्या घरी जमीनच नाही, त्या शेतमजूर स्त्रीला याचा काय उपयोग? प्रश्न रास्त आहे. मोठ्या वारशावर कर असलाच पाहिजे. १९५३ चा मालमत्ता शुल्काचा कायदा १९८५ मध्ये गुंडाळला गेला, ती चूक सुधारण्याची मागणी आपण सोडता कामा नये. भूमिहीनांचा प्रश्न तर स्वतंत्र लढ्याचाच आहे. परंतु संपत्तीचे समान वाटप होईपर्यंत घरातील वाटप विषमच राहू द्यावे, असा त्याचा अर्थ होत नाही. जो आपल्या बहिणीला हिस्सा देत नाही, तो भूमिहीनाला जमीन देण्याच्या ठरावावर मनापासून हात वर करील, यावर माझा विश्वास नाही.

तेव्हा कार्यकर्त्यांपुढे काम आहे. गावातील वारसनोंदींच्या प्रलंबित अर्जांची माहिती घ्यावी. मुलींना प्रत्यक्ष विचारल्यावाचून कोणतीही वंशावळ ग्राह्य धरू नये आणि कलम १५ बदलावे, यासाठी आग्रह धरावा. हक्कसोडपत्रावर सही करण्यापूर्वी प्रत्येक भगिनीला तिचा हिस्सा किती, हे आकड्यात सांगितले जावे. आणि या सर्वांच्या आधी, आपापल्या घरचा सातबारा काढून त्यात बहिणींची नावे आहेत काय, ते प्रत्येकाने पाहावे.