काठी कुणाच्या मापाची?

ताथवड्यात धुळीला सुट्टी नाही. एका बाजूला मुंबई-बेंगळुरू महामार्ग, उरलेल्या बाजूंना बांधकामं. आमच्या सोसायटीच्या लॉबीची दुमजली उंच काच सकाळी पुसली की संध्याकाळी तिच्यावर बोटाने नाव लिहिता येतं. ती पुसणाऱ्या मावशींची उंची जेमतेम ५ फूट. हातात लांब-आखूड होणारी ॲल्युमिनियमची काठी, टोकाला रबरी वायपर. गेल्या महिन्यात त्या मान धरून पायरीवर बसलेल्या दिसल्या. मी काठी घेऊन पाहिली, तर पाच मिनिटांत माझेच खांदे भरून आले.

हिशेब साधा आहे. काठी ४ मीटर. दोन हातांत अंतर ८० सेंटिमीटर, वरच्या हाताच्या पुढे ३.२० मीटर, म्हणजे चौपट. ओला वायपर पाऊण किलोचा धरला, तर तिरकी काठी काचेला टेकेपर्यंत खालच्या हाताने ३ किलोंचा दाब द्यावा लागतो. काठीचं स्वतःचं वजन वेगळंच. म्हणून मुठीकडचं वजन घटवण्यापेक्षा टोक हलकं करणं जास्त कामाचं. हा ताण टाळायला काचेजवळ जाऊन काठी उभी धरावी, तर मान मागे मोडते. टोकाला वळणारा सांधा असला की दोन पावलं मागे राहून काम होतं. आमच्या काठीचं टोक ताठ. शिवाय लांबी पक्की करायला पिळायची कडी. साबणाच्या हातांनी ती पुरती पिळली जात नाही आणि काठी मध्येच खाली सरकते. अंगठ्याने दाबायच्या खटक्याच्या काठ्या बाजारात मिळतात.

अब्बा रंगकाम करायचे. कुंचला बांधायचा बांबू स्वतः निवडायचे, हातात तोलून, दोन-चार बाजूला टाकून. मग मुठीच्या जागी कापड गुंडाळायचे. तो बांबू लांब-आखूड होत नव्हता, पण त्यांच्या हाताचा होता. आमची काठी खिडकीच्या मापाने बदलते, माणसाच्या नाही. कारण ती निवडतो कमिटीतला कुणीतरी, मोबाइलवर, किंमत बघून. (त्या कमिटीत मीही आहे.)

आपल्याकडे मापं नाहीत असंही नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने देबकुमार चक्रवर्ती यांचं भारतीय शरीरमापांवरचं पुस्तक १९९७ मध्येच काढलं. आमच्या इमारतीतून रोज चाकणला जाणारे इंजिनिअर आहेत. तिथे गाड्यांच्या कारखान्यांत जड हत्यार कामगाराच्या हातावर येऊ नये म्हणून ते वरून स्प्रिंगच्या बॅलन्सरला टांगतात. तीच मंडळी संध्याकाळी घरी येऊन काचेवर डाग राहिल्याचा फोटो ग्रुपवर टाकतात.

बैठकीत मी म्हटलं, दोन-तीन काठ्या आणू, मावशींना आठवडाभर वापरू देऊ, त्या सांगतील ती घेऊ. ठेकेदाराचं काम आपण का करायचं, असा प्रश्न आला. वाद बराच झाला. शेवटी दोन आणायचं ठरलं.

काल त्या आल्या. मावशींनी पहिली उचलून तोलली, टोकाचा जाड ब्रश काढून बाजूला ठेवला आणि विचारलं, यापेक्षा हलका मिळतो का? मिळतो. थोडा महाग आहे.