तोंड उघडून पाहणार कोण?

महाराष्ट्रात गुटखाबंदीचा आदेश निघाला २०१२ साली. त्यानंतर टपरीवर काय घडले? पानमसाला एका पुडीत, तंबाखू दुसऱ्या पुडीत. मिश्रण गिऱ्हाइकाच्या तळहातावर! कायद्याच्या या थट्टेबद्दल शासनाला बोल लावलाच पाहिजे. परंतु आपल्या माजघराचे काय? तेथे आजी अजूनही मिश्री लावते. तिला कोणी व्यसन म्हणत नाही. जेवणानंतर सुपारीचे तबक फिरते. ते तर आदरातिथ्यच! तंबाखूवाचून निव्वळ सुपारीही कर्करोगकारक आहे, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच दिला. पूजेत मांडलेल्या सुपारीशी कोणाचे भांडण नाही. भांडण आहे ते गालात धरलेल्या सुपारीशी.

मुखाचा कर्करोग पुष्कळदा आधी सूचना देतो. पांढरा वा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, दिवसेंदिवस कमी उघडणारे तोंड. दुखत नाही, म्हणून कोणी दाखवत नाही. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन नुसत्या डोळ्यांनी तोंडे तपासली. तंबाखू वा मद्य घेणाऱ्यांतील मुखकर्करोगाचे मृत्यू त्यामुळे सुमारे एकतृतीयांशाने घटले, हा निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाला. महागडे यंत्र लागले नाही.

मग आपल्या वस्तीत हे का होऊ नये? २०२४ मध्ये घरोघरी अक्षता पोहोचवायला माणसे कमी पडली नाहीत. वस्तीतल्या दंतवैद्याला गाठून चार तरुणांना तपासणी शिकवावी. आरंभ आपल्याच आजीपासून करावा. ती रागावेल, हे गृहीत धरून.