डोळ्यातील मांस लाल झाले की मेडिकलमधले थेंब: सवय सोपी, किंमत मोठी

उन्हाळा सुरू झाला की आमच्या ओपीडीत एक तक्रार हमखास वाढते. "डॉक्टर, डोळ्यात मांस वाढलंय, ते लाल झालंय, चुरचुरतंय." पुढच्या वाक्यात बहुतेक वेळा एखाद्या थेंबाचे नाव येते. तो कोणी लिहून दिला असे विचारले, तर उत्तर मिळते, "मेडिकलवाल्याने दिला, लगेच बरं वाटतं." हे "लगेच बरं वाटणं" नेमके कशामुळे असते आणि त्यातून काय घडू शकते, हे तुम्हाला माहीत असायला हवे.

हे मांस म्हणजे काय?

डोळ्याच्या पांढऱ्या भागावर एक पातळ, पारदर्शक आवरण असते. त्याला कंजंक्टायव्हा म्हणतात. अनेक वर्षे ऊन, वारा आणि धूळ सोसल्यावर या आवरणात बदल होतात. नाकाच्या बाजूला पिवळसर उंचवटा दिसू लागला, तर तो पिंग्वेक्युला. पंखासारखा त्रिकोणी पडदा बुबुळावर चढू लागला, तर ते टेरिजियम. दोन्ही कर्करोग नाहीत आणि एकाकडून दुसऱ्याला होत नाहीत.

सर्वांत मोठे कारण आहे सूर्याचे अतिनील किरण. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साधारण 37 अंशांपर्यंतच्या प्रदेशाला "टेरिजियम पट्टा" म्हणतात. महाराष्ट्र आणि गोवा पूर्णपणे या पट्ट्यात येतात. त्यामुळे शेतकरी, ऊसतोड कामगार, मच्छीमार, वाहतूक पोलीस, दिवसभर दुचाकीवर फिरणारे डिलिव्हरीवाले यांच्यात हा त्रास जास्त दिसतो.

ते लाल का होते?

डोळ्यावर अश्रूंचा अतिशय पातळ थर असतो आणि प्रत्येक उघडझापीला तो नव्याने पसरतो. पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर तो सारखा पसरतो. मांसाच्या उंचवट्यामुळे तो तिथे लवकर फाटतो. मग ती जागा कोरडी पडते, घासली जाते, सुजते आणि लाल होते. सूज आली की अश्रूंचा थर आणखी बिघडतो. थोडक्यात, कोरडेपणामुळे सूज आणि सुजेमुळे कोरडेपणा, असे हे चक्र आहे. कधी कधी उंचवट्याला लागून कॉर्नियावर, म्हणजे बुबुळावरील पारदर्शक काचेवर, कोरडेपणामुळे छोटा खळगाही पडतो.

म्हणून फक्त लाली घालवून भागत नाही. डोळ्याचा पृष्ठभाग सुधारला नाही, तर लाली परत येतेच.

मेडिकलमधून मिळालेल्या थेंबात काय असते?

बहुधा दोनपैकी एक गोष्ट असते. पहिली म्हणजे रक्तवाहिन्या आकसवणारे औषध. डोळा काही मिनिटांत पांढरा दिसतो. पण औषधाचा असर उतरला की लाली पुन्हा, काही वेळा आधीपेक्षा जास्त येते. मग थेंब वारंवार टाकावे लागतात.

दुसरी म्हणजे स्टिरॉइड. ते वाईट औषध नाही. मांस फार सुजले असेल तर आम्हीही सौम्य स्टिरॉइड थोड्या दिवसांसाठी देतो. धोका आहे तो तपासणीशिवाय महिनोन्‌महिने वापरण्यात. साधारण तीनपैकी एका व्यक्तीत स्टिरॉइडच्या थेंबांनी डोळ्यातील दाब वाढू शकतो आणि थोड्या लोकांत तो खूपच वाढतो. हा दाब दुखत नाही, जाणवत नाही. काचबिंदू होऊन कडेची नजर गेली की मगच कळते, आणि गेलेली नजर परत येत नाही. मोतीबिंदू लवकर होणे आणि जंतुसंसर्ग बळावणे हे धोके वेगळेच.

मूळ टेरिजियममुळे नजर कायमची जाणे त्या मानाने दुर्मीळ आहे. जो आजार संथ होता, त्याच्यावरच्या बेफिकीर उपचाराने डोळा जावा, हे टाळता येण्यासारखे आहे.

नियम आहे, मग अडते कुठे?

औषध व सौंदर्यप्रसाधने कायदा 1940 सालचा आहे आणि त्याखालचे नियम 1945 चे. त्यातील "शेड्यूल एच"नुसार स्टिरॉइडचे थेंब चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरी जुनी बाटली दाखवली की नवी मिळते, हा अनेकांचा अनुभव आहे. 2023 च्या पावसाळ्यात राज्यात डोळे येण्याची मोठी साथ आली, तेव्हा असे उरलेले थेंब घराघरांत हातोहात फिरले.

दोष फक्त दुकानदाराचा नाही. नेत्रतज्ज्ञ तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी, तपासणीला गेले की दिवसाची मजुरी बुडते, आणि मेडिकल मात्र कोपऱ्यावर. 1976 पासून चालू असलेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाचा मुख्य भर मोतीबिंदूवर राहिला, आणि ते योग्यही होते. पण लाल, चुरचुरणाऱ्या डोळ्याचा माणूस त्यामुळे दुकानाच्या काउंटरवरच थांबतो.

साधे अश्रूथेंबही नीट वापरा

2023 मध्ये अमेरिकेत चेन्नईजवळ तयार झालेल्या कृत्रिम अश्रूंच्या थेंबांशी औषधांना न जुमानणाऱ्या स्युडोमोनास जंतूचा संसर्ग जोडला गेला. तिथल्या सरकारी संस्थेने 81 रुग्ण नोंदवले. त्यांपैकी 14 जणांची नजर गेली आणि 4 जण दगावले. ते थेंब अनेकदा वापरायच्या बाटलीत होते, पण त्यात जंतूंना रोखणारे पुरेसे प्रिझर्व्हेटिव्ह नव्हते.

यातून घाबरून अश्रूथेंब बंद करू नका. ते या आजारात पहिला उपचार आहेत. मात्र ही काळजी घ्या:

- सीलबंद बाटलीच घ्या. उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा आणि लेबलवर दिलेल्या मुदतीनंतर फेकून द्या.
- बाटलीचे टोक डोळ्याला किंवा बोटाला लावू नका. एकाची बाटली दुसऱ्याने वापरू नये.
- दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा थेंब लागत असतील, तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या, एकेका वेळच्या छोट्या कुप्यांबद्दल डॉक्टरांना विचारा.
- मध, गुलाबपाणी, कांद्याचा रस डोळ्यात घालू नका.
- बाहेर पडताना रुंद काठाची टोपी आणि अतिनील किरण अडवणारा, बाजूंनीही झाकणारा चष्मा वापरा. वाळूवरून सुमारे 15 टक्के आणि समुद्राच्या फेसावरून सुमारे 25 टक्के अतिनील किरण परावर्तित होतात, म्हणून किनाऱ्यावर नुसती टोपी पुरत नाही.

ऑपरेशन कधी?

मांस बुबुळाच्या मध्याकडे सरकत असेल, सिलिंडरचा नंबर वाढत असेल किंवा लाली उपचारांनीही वारंवार येत असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. नुसते मांस कापले तर ते पुन्हा वाढण्याचे प्रमाण बरेच असते. म्हणून तुमच्याच डोळ्यातील निरोगी कंजंक्टायव्हाचा तुकडा तिथे बसवतात. "ग्राफ्ट लावणार का?" हे आधीच विचारून घ्या. मोतीबिंदूही असेल तर तेही सांगा. मोठ्या मांसामुळे लेन्सच्या नंबराचे मोजमाप चुकू शकते, त्यामुळे अनेकदा आधी मांस काढून डोळा स्थिर होऊ द्यावा लागतो.

लगेच दाखवा

तीव्र वेदना, अचानक अंधूक दिसणे, उजेड सहन न होणे, बुबुळावर पांढरा ठिपका, किंवा मांस झपाट्याने वाढणे, खडबडीत होणे, त्यातून रक्त येणे. शेवटच्या तीन लक्षणांत क्वचित कर्करोगाची शक्यता तपासावी लागते.

आणि घरी कोणी वर्षभर तोच थेंब टाकत असेल, तर ती बाटली घेऊनच नेत्रतज्ज्ञांकडे जा आणि डोळ्याचा दाब मोजून घ्या. थेंब मनाने अचानक बंद करू नका. तपासणीला काही मिनिटे लागतात, आणि दाब वेळीच कळला तर उरलेली नजर राखता येते.